तुमचा दिवट्या आणि आमचे हे

...हळवा. हळवा म्हणे. नाही, तुम्ही बसा, निवांत बसा, पण आधी मला एक सांगा, हळवा माणूस तुम्ही कधी घरात ठेवलाय का? दुरून डोंगर साजरे म्हणतात ना, तसं आहे ते. मी लग्न झाल्यापासून ठेवलाय, म्हणून बोलतेय.

आज सकाळचीच गोष्ट. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, म्हणजे डोळे तपासायचे नाहीत हं, ते आतले डॉक्टर करतात, मी बाहेर बसून चष्मा चेहऱ्यावर नीट बसवून द्यायचा, काडी वाकली असेल तर सरळ करायची, नाकावर रुतत असेल तर पट्टी बदलायची. तर एक मुलगी आली, काडी ढिली झालेली, मी स्क्रू पिळतेय आणि ती माझ्या तोंडाकडे बघतेय... बघतेय... मग हळूच, 'तुम्ही त्यांच्या मिसेस ना?' झालं. मी म्हटलं, हो. तर तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. चष्मा माझ्या हातात, तिला पुढचं धड दिसत नाही, ती चाचपडत माझा हात धरते आणि म्हणते, 'मावशी, दिवट्या त्या जिन्यावर बसून राहतो ना, ते वाचल्यावर मला जेवण गेलं नाही. इतकं हळवं लिहिणारा माणूस घरात किती हळवा असेल. तुम्ही किती नशीबवान आहात.'

नशीबवान. माझ्या हातून स्क्रू पडला. तो असतो मोहरीच्या दाण्याएवढा. मग नशीबवान बाई गुडघे टेकून फरशीवर तो शोधत होती आणि वरून रडणं चालूच होतं.

आता ज्यांना दिवट्या ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचे हे कादंबऱ्या लिहितात. साध्या नाहीत, अद्भुत. म्हणजे कुठल्याच नकाशात नसलेला देश, आकाशात दोन चंद्र, नद्या बोलतात, आणि काळोखात सावट नावाची जनावरं राहतात ती माणसाची सावली खातात, सावली गेली की त्या माणसाला सगळे विसरतात, असलं सगळं. त्या सावटांना एकाच गोष्टीची भीती, एका जुन्या दिवटीची, म्हणजे मशालीची. ती दिवटी पिढ्यानपिढ्या एका घराण्याकडे, आणि आता ज्याच्या हातात आली तो आमचा नायक, दिवट्या. आणि गंमत बघा, हा दिवटी धरणारा स्वतःच अंधाराला भितो. नाव मुद्दाम ठेवलंय म्हणे. आपण नाही का घराण्याचा उद्धार करणाऱ्या पोराला दिवटे चिरंजीव म्हणत, तसं. 'दुहेरी अर्थ आहे त्यात,' हे मला म्हणाले. मला एकच दिसला. लख्ख दिसला.

तर हा दिवट्या घाबरतो, चुकतो, आपल्याच माणसांवर खेकसतो आणि मग कोपऱ्यात जाऊन स्वतःच रडतो, तेल आणतो म्हणून सांगून जातो आणि येतच नाही. वाचक काय म्हणतात? 'किती आपल्यासारखा आहे.' अहो, तुमच्यासारखा कुठला, आमच्या ह्यांच्यासारखा आहे. घरी पाहुणे बसलेत, चहाला दूध नाही, हे म्हणाले आणतो, आणि गेले ते गेलेच. पाहुणे कोरा चहा पिऊन उठले. मी शोधत गेले तर हे बागेत बाकावर. का? तर दुकानदार सुट्ट्या पैशांवरून मोठ्याने बोलला आणि ह्यांना लागलं. आता हेच दिवट्या करतो तेव्हा त्याच्या शेजारी एक म्हातारी नदी येऊन बसते आणि त्याला समजावते. माझ्या वेळी नदी आली नव्हती. मीच उभी होते, हातात रिकामी पिशवी घेऊन.

पुस्तकात छान वाटतं हो.

बरं, हे नोकरीला कुठे? वीज कंपनीत. तक्रार खिडकीवर. दिवसभर लोकांना सांगतात, 'घाबरू नका, फ्यूज गेला असेल.' आणि आमच्या घरी फ्यूज गेला की स्टुलावर कोण चढतं? मी. हे खाली बॅटरी धरून उभे. आणि बॅटरीचा उजेड कुठे? छतावर. कारण ह्यांचे डोळे मिटलेले. मी म्हणतेय, 'अहो, खाली धरा, खाली,' तर हे म्हणतात, 'तू सांभाळून हं.' अरे, सांभाळायला दिसायला नको? त्याचं पुस्तकात काय झालं? ज्योतीला स्वतः हात लावायची वेळ येते आणि दिवट्याचा हात थरथरतो. दोन पानं थरथरतो. कोणीतरी लिहिलं पेपरात, 'भयाचं इतकं प्रामाणिक चित्रण विरळा.' असेल विरळा. स्टुलावर कोण होतं हे त्यांना कोण सांगणार?

आणि हे असलं लिहा म्हणून सांगितलं कोणी? मी. हो, मीच. आपल्याच हाताने पायावर धोंडा.

आधी हे काय लिहायचे माहितेय? एक सेनापती. सात फूट उंच, पोलादी छाती, शंभर राक्षस एका हाताने लोळवणार आणि दुसऱ्या हाताने घोडा आवरणार. त्याला कधी शिंकसुद्धा आली नाही. असे चार भाग लिहिले, छापून आले, आणि छापलेले बहुतेक सगळे आमच्याच पलंगाखाली येऊन राहिले. रोज संध्याकाळी मला वाचून दाखवायचे. आणि मी? मला झोप लागायची. एकदा ऐन लढाईत मी घोरले. हे थांबले, वही मिटली, आणि इतक्या पडलेल्या आवाजात म्हणाले, 'काय चुकतंय गं?' मला कसंतरीच झालं. मी म्हटलं, 'अहो, हा मरणार नाही, हरणार नाही, ह्याला कशाचं काही वाटणार नाही. मग मी त्याच्यासाठी जागी कशाला राहू? ज्याची काळजीच नाही त्याची वाट कोण बघतं? एखादा घाबरणारा माणूस घ्या. दार उघडू का नको म्हणून ज्याचा जीव खालीवर होतो असा. मग बघा मी झोपते का.'

'तुला अद्भुत कळत नाही,' हे म्हणाले. रुसले. बरेच दिवस रुसले. आणि मग एक दिवस भाजी निवडता निवडता मला विचारतात, 'घाबरणारा माणूस आतून कसा असतो गं?' आता माझ्या जिभेवर काय आलं असेल? पण मी ते गिळलं. भाजी निवडली.

आणि आला दिवट्या. आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, मी झोपले नाही. पहिला भाग ऐकताना तो विहिरीत उतरतो ना, तेव्हा मी ह्यांचा दंड धरला होता. चांगलं होतं हो. फार चांगलं होतं. तोच तर सगळा त्रास आहे. वाईट असतं तर मी सुटले असते.

आता मूळ मुद्द्यावर येते. सासूबाई.

माझ्या सासूबाई म्हणजे ह्यांच्या अगदी उलट. बारीकशा, पण जीभ अशी की समोरच्याला लागायचं पण हसूही यायचं. त्यांना छातीचा आजार झाला आणि दवाखान्यात ठेवलं, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळची खाट. मी दुकानातून रजा काढली. सकाळी त्यांचं अंग पुसायचं, चादर बदलायची, कूस वळवायची, चमच्याने पाणी पाजायचं. आणि हे? हे रोज मला गाडीने आणायचे, फाटकाशी सोडायचे आणि म्हणायचे, 'तू हो पुढे. मी गाडी लावून येतो.'

बस. गाडी लावून येतो.

मी वर. सासूबाई विचारायच्या, 'आला का?' मी म्हणायचे, 'गाडी लावतायत.' दुपारी पुन्हा, 'आला का गं?' 'गाडी लावतायत, आई.' एक दिवस त्या खोकल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, 'एवढी मोठी गाडी कधी घेतली त्याने?' मी इतकी हसले... शेजारच्या खाटेवरची बाई हसली. सासूबाई हसल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडल्या.

मी ह्यांना घरी म्हटलं, 'अहो, एकदा वर चला. पाच मिनिटं. काही बोलू नका, नुसते उभे राहा.' हे म्हणाले, 'उद्या.' दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी. आणि मग एका दुपारी, खिडकीतून ऊन आत आलेलं, त्यांच्या डोळ्यांवर येत होतं म्हणून मी उठून खिडकी लावली, वळले, तर त्यांनी हात पुढे केलेला. मी धरला. 'आला?' म्हणाल्या. मी म्हटलं, 'आत्ता येतील.' तर म्हणाल्या, 'राहू दे. लहानपणापासून घाबरट आहे तो. त्याला ओरडू नकोस.' आणि मग काही म्हणाल्या नाहीत.

मी खाली गेले. हे गाडीत बसलेले. गाडी झाडाखाली अगदी नीट लावलेली, इंजिन बंद, मांडीवर संत्र्यांची पिशवी. मी दार उघडलं तर माझ्याकडे न बघता म्हणाले, 'मिळाली जागा.' मी काय करायला हवं होतं? ओरडायचं नव्हतं. सासूबाई सांगून गेल्या होत्या. मी पिशवी घेतली त्यांच्या मांडीवरून आणि म्हटलं, 'चला. सह्या करायच्यात.'

त्यानंतर घरात ह्या विषयावर एक शब्द नाही. एक शब्द म्हणजे एक शब्द. मी वाट बघितली. आज बोलतील, उद्या बोलतील. निदान 'तू होतीस म्हणून' एवढं. नाही. हे लिहायला बसले. टेबलाशी, पाठ माझ्याकडे.

आणि आला तिसरा भाग. ज्याच्यापायी तुम्हा सगळ्यांना जेवण गेलं नाही तो.

हा भाग ह्यांनी मला वाचून दाखवलाच नाही. मी तो दुकानात वाचला, दुपारच्या सुट्टीत, मागच्या खोलीत, फ्रेमच्या खोक्यांवर बसून. दिवट्याची आई वरच्या माळ्यावर आजारी आहे. सावटं तिच्या उशाशी बसलीयत. दिवट्या दिवटी घेऊन आत गेला तर ती पळतील, आई तरी त्याला नीट बघेल. आणि हा जिन्यात बसतो. त्याला आत जाववत नाही. कारण उजेड घेऊन आत गेलं की आपल्यालाही दिसणार, आई किती उरलीय ते. अंधारात आई आहे तशीच आहे. उजेड पडला की संपलं. असं लिहिलंय. आणि आत आईजवळ एक दासी आहे, तिला नाव नाही, तिला दोन ओळी आहेत. 'दासीने खिडकी लावली. दासीने तिचा हात धरला.' संपली दासी.

वाचतेय, वाचतेय, आणि आई दासीला विचारते, 'आला का?' दासी म्हणते, 'घोडा बांधतोय.' आणि आई म्हणते, 'एवढा मोठा घोडा कधी घेतला त्याने?'

मी थांबले.

तुम्हाला कळलं ना मी का थांबले? ही गोष्ट मी ह्यांना कधी सांगितलीच नव्हती. सासूबाईंचं ते गाडीचं वाक्य मी कोणालाच सांगितलं नव्हतं. कुठल्या तोंडाने सांगणार? मग ह्यांना कसं कळलं? म्हणजे हे वर आले होते. त्या दिवशी. आणखी किती दिवस, देव जाणे. दोन जिने चढून, दाराबाहेर, दोन हातांवर. आणि मी आत एकटी सासूबाईंची कूस वळवत होते.

आणि मी रडले. आता हे नीट ऐका, कारण मला अजून त्याचा राग येतो. सासूबाई गेल्या तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, कामंच इतकी होती. आणि आता मी फ्रेमच्या खोक्यांवर बसून हुंदके देत होते, कोणासाठी? त्या दासीसाठी? नाही. दिवट्यासाठी. तो जिन्यात बसलाय म्हणून. मला त्याची दया येत होती. गाडीतल्या माणसाची आली नाही, त्या जिन्यातल्याची आली. एकच माणूस हो. मग मला सांगा, ही कसली लबाडी आहे?

पुस्तकात छान वाटतं. पुस्तकात इतकं छान वाटतं की माणूस आपलीच बाजू विसरतो.

संध्याकाळी घरी गेले. हे टेबलाशी. मी म्हटलं, 'अहो, घोडा.'

'हं. वाचकांना आवडलंय ते वाक्य,' हे म्हणाले, मान खाली.

'तुम्ही दाराबाहेर होतात?'

'दिवट्या होता.'

'आणि तुम्ही?'

पुढचा कागद ओढत म्हणाले, 'गाडी लावत होतो.'

मी स्वयंपाकघरात गेले. ज्या माणसाने हजारो अनोळखी लोकांना सांगितलं की मी भ्यालो, तो बायकोला सांगतोय की गाडी लावत होतो. घरचं माणूस सोडून गावभर पाझर फुटलाय.

मग मध्यंतरी एक कार्यक्रम झाला. हॉल भरलेला, हे वर खुर्चीत, मी खाली पुढच्या रांगेत, सगळे दिवट्या दिवट्या करतायत. तेवढ्यात मागून एक वयस्कर गृहस्थ उठले आणि म्हणाले, 'मला फक्त एवढंच विचारायचंय, त्या दासीचं पुढे काय झालं? तिला कोणी काही म्हटलं का?' आमच्या ह्यांनी माईक तोंडाशी नेला, खाली केला, पुन्हा नेला. 'ती...' म्हणाले, 'ती आहे.' आणि पाणी प्यायले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, गूढ उत्तर आहे.

पण लागलं ते ह्यांना. मला कळतं. पुढचे काही आठवडे रोज खाडाखोड, रोज कागदांचे बोळे. आणि एका सकाळी बघते तर साखरेच्या डब्याखाली सात पानं. हे घरात नाहीत. फिरायला गेले म्हणे, कधी न जाणारा माणूस.

चौथ्या भागातलं प्रकरण. दिवट्या नदीवर जातो. दासी तिथे चादरी पिळतेय. ती वर बघत नाही. हा उभा राहतो, आणि म्हणतो, 'मी दाराबाहेर होतो. तू एकटी आहेस हे मला ऐकू येत होतं. तुला दम लागला होता तिला उचलताना, तोही ऐकला. मी आलो नाही. मला माफ कर.' आणि दासी काय म्हणते? ती म्हणते, 'दुसरं टोक धरा.' मग दोघं मिळून चादर पिळतात. बस. एवढंच.

दूध उतू गेलं. मी बघत होते उतू जाताना, पण हलले नाही. कारण मी हेच म्हटलं असतं. अगदी हेच, ह्याच शब्दांत. म्हणजे ह्या माणसाला मी एवढी ठाऊक आहे. मग...? असो. हे परत आले, मी चहा ठेवला, दोघांनी समोरासमोर बसून घेतला, आणि त्या दिवशी घरात बरं वाटत होतं. खिडकी उघडल्यावर वाटतं तसं.

आणि मग आल्या संपादकबाई. सुट्टीचा दिवस, दुपारी, मोठी पिशवी, त्यात सगळा चौथा भाग. चहा घेतला, आणि म्हणाल्या, 'सर, ते नदीवरचं प्रकरण. काय सांगू. मी रडले. माझ्या उभ्या नोकरीत मी असं वाचलं नाही. म्हणूनच म्हणते, काढायचं.'

हे म्हणाले, 'काढायचं?'

'अहो सर, माफी मागितली की तो मोकळा झाला. मोकळ्या माणसाच्या मागे वाचक कशाला धावेल? त्याच्या छातीवर तो दगड आहे म्हणून तर आपण त्याच्याबरोबर चालतोय. दगड उतरवला की हा तुमचा जुना सेनापती झाला बघा.' आणि मग माझ्याकडे वळून, गोड आवाजात, 'ताई, तुम्हीच सांगा. सरांच्या पहिल्या वाचक तुम्ही.'

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. आता मला सांगा, मी काय म्हणायला हवं होतं? 'ठेवा' म्हणायला हवं होतं. सात पानं माझी होती. आयुष्यात तेवढीच मिळाली होती. पण ती बाई खरं बोलत होती हो. मला त्या प्रकरणानंतरची पानं वाचताना, खोटं कशाला बोलू, मधेच जांभई आली होती. दिवट्या शांत झोपायला लागला आणि मीही. मीच ना सांगितलं होतं, ज्याची काळजी नाही त्याची वाट कोण बघतं?

मी म्हटलं, 'काढा. पुस्तक चांगलं होईल.'

आणि हे? ह्यांनी असा सुस्कारा सोडला... हरल्याचा नाही. सुटल्याचा. लगेच म्हणाले, 'बाई, अजून अर्धा कप घ्या ना.'

बाई गेल्या. मी कपबश्या विसळत होते, हे मागे दारात उभे. मी मान न वळवता म्हटलं, 'छापू नका. पण मला तरी तोंडाने म्हणा. एकदा. सात पानं नकोत, दोन शब्द म्हणा.'

तुम्हाला सांगते, त्यांनी तोंड उघडलं. खरंच उघडलं. ओठ हलले. मी नळ बंद केला, ऐकू यावं म्हणून. आणि हे म्हणाले, 'शेवटच्या भागात म्हणेन.'

आता कुठलीही शहाणी बाई काय करेल? कप आपटेल, माहेरी जाईल, निदान चार शब्द सुनावेल. आणि मी काय केलं? मी हात पुसले, वळले, आणि विचारलं, 'म्हणजे कितव्या?'